शूबर्ट ऐकावयाचा तो गीतापासून

आपल्या समाजातील अनेक घरांत आज एक चमत्कारिक वाटणी झालेली दिसते. नातू अथवा नात संगीतशाळेत पियानो शिकते, आणि तिचा सराव सुरू झाला की वडीलधारी मंडळी हळूच दार ओढून घेतात. "ते मुलांचे संगीत, आपले नव्हे," एवढेच म्हणतात. आजीजवळ कीर्तनातील पदे असतात, आजोबांजवळ भावगीतांच्या जुन्या रेकॉर्डी. परंतु नातीपुढील वहीत कोणाचे काय लिहिले आहे, हे विचारावयास कोणी धजत नाही. युरोपचे संगीत ही युरोपातून आलेल्या बांधवांची मिरास, हा समज आपण भारतातून सामानाबरोबर आणला की तो इस्राएलात आल्यावर जडला, देव जाणे. तो समज खोटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी फ्रांझ शूबर्ट याच्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

शूबर्ट व्हिएन्नाचा. १७९७ साली जन्मला आणि १८२८ च्या नोव्हेंबरात, अवघा ३१ वर्षांचा असता वारला. तेवढ्या आयुष्यात त्याने ६०० हून अधिक गीते रचली. गीत म्हणजे काय, तर कवीची कविता घ्यावयाची, तिला चाल द्यावयाची, आणि एक गायक व एक पियानो यांनी ती सादर करावयाची. तान नाही, आलाप नाही. सारा भर शब्दांवर आणि त्यांतील भावावर. ज्याचा कान भावगीतावर पोसला आहे, त्यास हा प्रकार परका का वाटावा? नवशिक्याने प्रथम सिंफनीच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तो उलटा वाटतो. शब्दांचा आधार नाही, पुढे काय चालले आहे याचा पत्ता नाही. अशा श्रोत्यास डुलकी लागली, तर दोष त्याचा नव्हे.

आरंभ 'एर्लक्योनिग' या गीतापासून करावा. कविता गटे याची, चाल १८१५ सालची. शूबर्ट तेव्हा १८ वर्षांचा होता. रात्रीची वेळ, वारा सुटलेला, बाप आजारी मुलाला कवेत घेऊन घोडा दौडवीत आहे. मुलाला पिशाच्चांचा राजा दिसतो, त्याचे गोड बोलावणे ऐकू येते. बाप समजूत घालतो. घर येते तेव्हा मूल गेलेले असते. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा, ही चारही सोंगे एकटा गायक आवाज पालटून वठवितो, आणि पियानोवर घोड्याच्या टापा अखंड वाजत राहतात. योसेफाचे आख्यान लावून याकोब आणि त्याचे पुत्र एकट्याने उभे करणारा कीर्तनकार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागेल काय? मात्र कवितेचा अर्थ आधी वाचून घ्यावा आणि तेच गीत आठवडाभर ऐकावे. दहा गीते एकेकदा ऐकण्यापेक्षा एक गीत दहादा ऐकलेले बरे. डीट्रिख फिशर-डीस्काऊ यांचे गायन आणि जेराल्ड मूर यांचा पियानो असलेले ध्वनिमुद्रण आता मोबाइलवरही सहज मिळते.

कोणी म्हणेल, जर्मन भाषा आपल्या घरात कशाला? या देशात त्या भाषेविषयी जी अढी आहे ती सकारण आहे, आणि ज्याला ती ऐकवत नाही त्याला मी आग्रह करणार नाही. एवढेच ध्यानात असावे की शूबर्ट १८२८ सालीच गेला, आणि त्याच्या अखेरच्या गीतांपैकी ६ गीतांच्या कविता यहुदी कुळात जन्मलेल्या हाइनेच्या आहेत.

गीत कानात मुरले की वाद्यसंगीताचे दार आपोआप उघडते, कारण शूबर्टने आपलीच गीते वाद्यांवर नेली. 'डी फोरेले', म्हणजे ट्राउट मासळीचे गीत, १८१७ चे. त्यात पियानो पाण्यासारखा खळखळत असतो. दोन वर्षांनी त्याने पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास या पाच वाद्यांची रचना केली, आणि तिच्या चौथ्या भागात हीच चाल घेऊन तिची निरनिराळी रूपे दाखविली. गंमत अशी की चाल प्रथम तंतुवाद्येच वाजवितात, पियानो गप्प. आणि गीतातील ती खळखळ अगदी शेवटच्या रूपात परत येते. ज्याने गीत ऐकले आहे त्याला ती ओळखताच हसू फुटते. इतरांना ती केवळ एक सुरावट. 'मृत्यू आणि कुमारिका' या गीताचेही तसेच. त्यातील मृत्यूचे संथ पाऊल १८२४ च्या चार तंतुवाद्यांच्या रचनेत दुसऱ्या भागाचा पाया झाले. 'अपुरी' म्हणून गाजलेली दोन भागांची सिंफनी यानंतर ऐकावी.

आपल्या कानाला एक गोष्ट अवघड जाईल. या संगीतात षड्ज एका जागी राहत नाही, आणि साथ निव्वळ साथ नसते. पियानो गायकाइतकेच बोलतो. उलट एक गोष्ट आपल्याला इतरांहून लवकर उमगेल. 'विंटररायझे' या २४ गीतांच्या मालिकेतील पहिल्या गीतात घर सोडून निघालेला प्रेमी शेवटच्या कडव्यात प्रेयसीला निरोप देतो, तेव्हा षड्ज तोच ठेवून कोमल गांधाराच्या जागी शुद्ध गांधार येतो, आणि अखेर पुन्हा कोमल होतो. कोमल-शुद्ध गांधाराचा फरक आपल्या पेटीवाल्याला कोणी शिकवावा लागत नाही. (ती मालिका सबंध एका बैठकीत मात्र नवख्याने ऐकू नये; तासाहून अधिक काळ दुःखच दुःख आहे.)

आता एक गोष्ट, जी आपल्या तरुणांनाही बहुधा ठाऊक नसेल. १८२८ च्या जुलैत शूबर्टने व्हिएन्नाच्या सिनेगॉगचे हज्जान सालोमोन सुल्झर यांच्यासाठी ९२ वे स्तोत्र मूळ हिब्रू शब्दांतच स्वरबद्ध केले. तेच, ज्याच्या मथळ्यात शब्बाथचे नाव आहे आणि जे आपण दर शुक्रवारी रात्री म्हणतो. वाद्य एकही नाही. एक भरदार पुरुषी आवाज आणि गायकवृंद. उच्चार अश्केनाझी असल्याने प्रथम शब्द लागत नाहीत, मग एकेक ओळखू येऊ लागतो. १८२६ साली उघडलेले ते सिनेगॉग अद्याप उभे आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नातील इतर सिनेगॉगे जाळली गेली. हे राहत्या घरांना जोडून बांधलेले असल्याने त्याची नासधूस झाली, पण आग लावता आली नाही.

माझी सूचना एवढीच. भजने-कीर्तने होतात त्याच सभागृहात, शब्बाथ सरल्यावर एखादी संध्याकाळ यासाठी ठेवावी. प्रथम ९२ वे स्तोत्र लावावे. मग घरातील थोरांपैकी कोणी 'एर्लक्योनिग'ची गोष्ट कीर्तनाच्या थाटात मराठीत सांगावी, आणि पियानो शिकणाऱ्या मुलांनी त्या घोड्याच्या टापा वाजवून दाखवाव्यात. त्या वाजविताना मनगट किती लवकर दुखू लागते, हेही त्यांच्याकडूनच ऐकावे.