गिरणी संग्रहालयात कामगाराची जागा कोणती?

मुंबईत काळाचौकी येथे इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, त्यास बराच काळ लोटला आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या या गिरणीची जमीन मनोऱ्यांच्या घशात न जाता सार्वजनिक कार्यासाठी मिळाली, हे स्वागतार्हच होय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासास काढलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि एक-तृतीयांश घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता आकुंचित केला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. जनतेच्या पदरात जे थोडे पडले त्यातला हा एक तुकडा आहे. तेथे काय मांडले जाते, हा म्हणूनच निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे.

योजनेची जी वर्णने वाचावयास मिळाली त्यांत तळे, कारंजे आणि प्रकाश-ध्वनीचा खेळ ठळकपणे येतात. अहमदाबादेत गिरणीमालक साराभाई कुटुंबाने १९४९ साली कॅलिको संग्रहालय स्थापन केले. तेथील वस्त्रे अप्रतिम आहेत. त्याचा विषयच जुनी हस्तनिर्मित वस्त्रे हा असल्याने गिरणीकामगार तेथे दिसत नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. काळाचौकीला मात्र ही सबब चालणार नाही.

प्रदर्शन सिद्ध करताना खरा निर्णय होतो तो वस्तू आणि तिच्याखालची चिठ्ठी यांच्या निवडीत. माग, म्हणजे गिरणीच्या बोलीतला साचा, घासूनपुसून, रंग देऊन काचेआड उभा करणे सोपे आहे. परंतु शेकडो साचे एकदम चालत तेव्हा शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे. माणसे ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत आणि निवृत्तीच्या वयापर्यंत बहिरी होत. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट उष्मा राखला जाई. कापूस पिंजण्याच्या आणि कातण्याच्या खात्यांत त्याचीच धूळ छातीत साठून दम्यासारखा विकार जडे. हे सांगावयाचे तर एक तरी साचा चालता हवा. तो चालविण्यास ताणा, बाणा आणि तेल लागते, तसाच हात बसलेला साचेवाला आणि जोडारीही लागतो. नुसत्या निविदा काढून तो मिळत नाही.

धोट्याचेच पाहा. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी घातली की विणकर सुताचे टोक तोंडाने श्वास ओढून छिद्रातून बाहेर काढी. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. विटाळाच्या कल्पनेने पछाडलेल्या सवर्ण कामगारांनी या सबबीवर दलित कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्याबाहेर ठेवले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. वीतभर लाकडाच्या त्या तुकड्यात वर्ग आणि जात दोन्ही सामावलेली आहेत. त्याखाली केवळ ‘धोटा, लाकूड व पितळ’ एवढेच लिहिले गेले तर ते खोटे नसेल, पण इतिहास लपविणारे खचित असेल. पूर्ण मजकुराची चिठ्ठी आपल्या चळवळीलाही टोचेल, टोचू द्यावी.

हीच कसोटी इतर दालनांनाही लावावी. कावसजी दावरांचे नाव व १८५४ हे साल तेथे निश्चितच झळकेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मान्य झालेली रविवारची सुटी तितक्याच मोठ्या अक्षरांत यावयास हवी. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांतील स्त्रिया नव्या यंत्रांबरोबर हळूहळू कमी कशा झाल्या, हे सांगावे. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या स्वयंपाकघराशिवाय गिरणगावाचे चित्र अपुरेच राहील.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाला काय म्हटले जाईल, याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा लढा रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे सोयीचे वाक्य एकदा भिंतीवर चढले की शाळांच्या सहली तेच वहीत उतरवून नेतील. नफ्याचा पैसा यंत्रांत न घालता अन्यत्र वळविणारे मालक, यंत्रमागाकडे सरकलेले उत्पादन आणि चढत गेलेली जमिनीची किंमत, ही कारणे त्याच भिंतीवर हवीत.

त्या संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. कित्येकजण मुंबई सोडून कोकणात आणि घाटावर गावी परतले. त्यांचे पास, पगारपत्रके, जेवणाचे डबे, संपकाळातली पत्रके ट्रंकांतून वाळवी खात आहे. संग्रहालयाच्या मांडणी समितीवर निवृत्त कामगारांना, त्यांत स्त्रियांनाही, मताचा अधिकार असलेले सदस्यत्व मिळावे, आणि प्रत्येक चिठ्ठीचा मसुदा उद्घाटनापूर्वी लालबाग-परळच्या जाहीर सभेत वाचला जावा, या दोन मागण्यांचे निवेदन महापालिकेकडे गेले पाहिजे. तोवर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील साथींनी आपापल्या तालुक्यातील जुन्या गिरणीकामगारांची यादी करावी आणि त्यांच्या हकिगती त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.