वेदनाशामक औषधे : सैल हात आणि अनाठायी भीती

टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल ही दोन औषधे एकत्र करून बनविलेल्या गोळ्यांचे उत्पादन व निर्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने थांबविली. मुंबईतील एका कंपनीच्या या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट या देशांतील तरुणांना व्यसनाच्या खाईत लोटत असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले होते. त्यानंतर औषध प्रशासनाची धाड पडली ती आपल्याच पालघर जिल्ह्यात. टॅपेंटाडॉल हे अफूच्या वर्गातील तीव्र वेदनाशामक, तर कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध. दोहोंनी गुंगी येते. एकत्र घेतल्यास श्वास मंदावून प्राणही जाऊ शकतो.

अशा औषधांच्या बाबतीत बेसावध राहिल्यास काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. १९९६ मध्ये तेथे ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही गोळी बाजारात आली. तिचे व्यसन क्वचितच लागते, असा प्रचार करण्यात आला. उत्पादक कंपनीसमूहाने २००७ व २०२० असे दोनदा न्यायालयात गुन्हा कबूल केला. परंतु तोपर्यंत असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती.

आपल्या देशातील चित्र मात्र दुहेरी आहे. एकीकडे साधी कंबरदुखी असली तरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या आणल्या जातात. दुसरीकडे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती अधिकच बोचते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदींमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी मनातील भीती अद्याप गेलेली नाही.

ही भीती आपल्या घरांतही आहे. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’, ‘सवय लागेल’, ‘दुःख सोसणे हेच पुण्य’ असे म्हणून रुग्णाच्या वेदना लांबविल्या जातात. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले होते की, तीव्र वेदना शमविण्यासाठी अशी औषधे घेणे नीतीला धरून आहे. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन रुग्णाला प्रार्थनेचे, संवादाचे आणि झोपेचे बळ परत देते. त्यामुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेवरही उपाय असतात. ते डॉक्टरांना विचारावेत.

याउलट, ज्या गोळ्यांना आपण निरुपद्रवी समजतो त्यांविषयी सावधगिरी हवी. पॅरासिटामॉल प्रौढाने दिवसाला चार ग्रॅमहून अधिक कधीही घेऊ नये. यकृत दुर्बल असणाऱ्यांना व मद्यपींना त्याहूनही कमी मात्रा लागते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, याचा विसर पडतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात व मूत्रपिंडास इजा करू शकतात. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ट्रॅमाडॉलसारखी औषधे २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आली आहेत. ती देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहिणे हे औषधविक्रेत्याचे कर्तव्य आहे. त्याने चिठ्ठी मागितल्यास राग मानू नये. ही औषधे मद्याबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेऊ नयेत, घेतल्यावर वाहन चालवू नये आणि दीर्घकाळ घेतल्यानंतर एकाएकी बंदही करू नयेत. रुग्ण उठविल्याने उठत नसेल वा त्याचा श्वास मंदावला असेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

घरोघरी आणखी एक सवय आढळते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात आणि शेजारधर्म म्हणून दुसऱ्याला दिल्या जातात. हेतू प्रेमाचा असतो, परंतु चिठ्ठी एकाच रुग्णाचे वय, वजन व आजार पाहून लिहिलेली असते. अशा गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवाव्यात आणि गरज संपल्यावर त्यांची विल्हेवाट कशी लावावी हे औषधविक्रेत्यास विचारावे.

शेजाऱ्याच्या वेदनेची कणव खरी असेल, तर त्याला आपली गोळी देण्याऐवजी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. आणि आपल्या धर्मग्रामात कुणी असह्य वेदनेने तळमळत असेल, तर ‘सोसा’ असे सांगण्यापूर्वी त्याला वेदनाशमनाचे उपचार मिळत आहेत का, याची चौकशी करावी.