भाडे ज्याचे त्याने

क्वांटम तंत्रज्ञानात देश मागे राहू नये म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. पुढे चार केंद्रे ठरली. त्यांतले सूक्ष्म संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले. भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या पोरांना संशोधनाची दारे उघडली म्हणायची. दारापर्यंत मात्र पदरमोड करूनच पोहोचायचे आहे.

देशातल्या कुठल्याही नामांकित तंत्रसंस्थेची प्रकल्पभरतीची जाहिरात काढून पाहा. पद एक, अटी दीड पान. एम.एस्सी. किंवा एम.टेक., प्रथम श्रेणी, नेट नाहीतर गेट, वय बहुधा अठ्ठावीसच्या आत. पायथन, मॅटलॅब यायला हवे. लेसर किंवा निर्वात यंत्रणेवर काम केले असल्यास प्राधान्य. (तालुक्याच्या कॉलेजात न्यूटनची वलये मोजण्यापलीकडे मजल गेलेली नसते, हे जाहिरात लिहिणाऱ्या प्राध्यापकांना ठाऊक नसेल असे नाही.) मग तळाच्या बारीक टायपातली कलमे. पद निव्वळ तात्पुरते, प्रकल्प संपला की नेमणूक संपली. पात्रता आहे म्हणून मुलाखतीला बोलावूच असे नाही. पद न भरण्याचा हक्कही आमच्याकडे राखीव. आणि हो, मुलाखतीसाठी प्रवासखर्च मिळणार नाही. म्हणजे गडचिरोलीच्या मुलीने मूळ प्रमाणपत्रांची फाइल पोटाशी धरून, रात्रभर गाडीत ताटकळत, कदाचित भरलेच जाणार नाही अशा पदासाठी स्वखर्चाने सकाळी नऊला हजर व्हायचे.

निवड झालीच, तर कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. २०१९ मध्ये ती ३१,००० झाली, तीही संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यानंतर. पुढची वाढ यायला २०२३ उजाडले. हा पगार नव्हे, त्यामुळे महागाई भत्ता नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. त्याच इमारतीतल्या कायम कर्मचाऱ्याची महागाई सरकार दर सहा महिन्यांनी मोजते. संशोधकाची महागाई मोजण्याचे उपकरण अद्याप विकसित व्हायचे असावे. मापनाचे केंद्र आता आहेच, एखादा प्रकल्प तोही घ्यावा.

फेलोशिपची रक्कम ठरवणे संस्थांच्या हातात नाही, हे मान्य. प्रवासखर्चाचे तसे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवांच्या मुलाखतीसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या उमेदवारांना रेल्वेच्या स्लीपर वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे देतो. होणाऱ्या कलेक्टरला मिळते ते होणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला द्यायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने एक परिपत्रक काढावे आणि मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येक उमेदवाराचे स्लीपरचे भाडे प्रकल्पाच्या निधीतून देण्याची मुभा संस्थांना द्यावी.