लाडू चुटकीचे, टाळ्या भीमच्या!

आठवतंय? जून २०२०. सगळे तोंडाला मास्क बांधून घरात बसलेले, डालगोना कॉफी फेटून फेटून हात दुखायला लागलेले, आणि एके दिवशी ट्विटरवर ट्रेंड काय? तर ‘जस्टिस फॉर चुटकी’! ढोलकपूरच्या भीमने म्हणे लहानपणापासूनच्या चुटकीला टांग देऊन राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं. झालं! पंचविशी ओलांडलेली, आयटीत नोकरी करणारी, होम लोनचे हप्ते भरणारी मंडळी हिरीरीने भांडायला लागली. एक गट म्हणे, लेखकांचं पहिल्यापासून इंदुमतीलाच झुकतं माप, महालात राहते ना ती! दुसरा गट म्हणे, अरे पण इतकी वर्षं लाडू कुणी खाऊ घातले? शेवटी ग्रीन गोल्ड कंपनीला खुलासा करावा लागला. ही पात्रं अजून लहान मुलं आहेत, लग्नाची बातमी खोटी आहे, त्यांच्या आयुष्यात प्रेम आणि लग्न आणू नका, असा त्याचा मथितार्थ.

ज्यांचं बालपण याआधीच संपलं होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘छोटा भीम’ २००८ मध्ये पोगोवर सुरू झालं. हैदराबादच्या राजीव चिलकांच्या ग्रीन गोल्डची ही निर्मिती. नऊ वर्षांचा भीम, त्याच्याहून लहान चुटकी, टकलू राजू, जग्गू माकड आणि दुसऱ्या बाजूला कालिया पहिलवान, सोबत ढोलू-भोलू. चुटकीची आई टुनटुन मौसी, तिचं लाडवांचं दुकान. भीमने लाडू खाल्ला की खेळ खल्लास. पॉपायला पालक, आपल्या भीमला लाडू!

तेव्हा आम्ही जालन्यात होतो. ‘जालना सोने का पालना’ वगैरे ठीक आहे हो, पण त्या पाळण्यात दिवसातून कितीतरी तास लाइटच नसायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ. भीम दरीच्या टोकावर लटकतोय, राक्षस हसतोय, चुटकी पोटलीतून लाडू काढतेय आणि... गेली! पंखा बंद, टीव्ही बंद, सगळी गँग गच्चीवर. पण गंमत अशी की पुढे काय झालं हे आम्ही कधीच कुणाला विचारलं नाही. काय विचारायचं? भीमच जिंकणार. लेखक कुणाच्या बाजूचे हे कळायला याहून मोठा पुरावा कशाला हवा, सांगा बरं!

म्हणून मग गच्चीवर वाद रंगायचा तो वेगळाच. कालियावर अन्याय होतो की नाही? माझा आतेभाऊ कट्टर कालियावाला. त्याचं म्हणणं, कालिया मोठा, कालिया ताकदवान, रोज व्यायाम करतो. आणि हा भीम? आयते लाडू चोरून खातो आणि वर हीरो! शिवाय कालियाने एखादी चांगली गोष्ट करायला घेतली की लेखक हमखास तिच्यात काहीतरी घोळ घालणार. आम्ही त्याला खूप चिडवायचो. आज वाटतं, आमच्यात सगळ्यात चांगला समीक्षक तोच होता.

तसा हा वाद आपल्या रक्तातच आहे, बॉस! मराठी घरात कर्णाची बाजू घेऊन कुणी भांडलं नाही असं घर दाखवा. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली. त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं आणि एकेका पात्राकडे नव्याने बघायची सवय वाचकांना लागली. व्यासांनी कुणाला झुकतं माप दिलं हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या चघळतोय. आणि मजा बघा, तिथे ज्याच्यावर अन्याय झाला असं म्हणता येईल तो खुद्द भीम! बकासुर मारला भीमाने, हिडिंब मारला भीमाने, कीचक, जरासंध, शंभरच्या शंभर कौरव, सगळी हातघाईची कामं याच्या गळ्यात. गीता मात्र सांगितली अर्जुनाला. याचा मुलगा घटोत्कच मेला तोही अर्जुनासाठी राखून ठेवलेल्या शक्तीने. म्हणजे हजारो वर्षं दुय्यम रोल केलेल्या माणसाला हैदराबादमध्ये एकदाचा लीड मिळाला, तर आपण तक्रार का करावी?

माझी एक ॲनिमेशनवाली मैत्रीण याच मुद्द्यावर वैतागते. ‘‘अगं, मालिकेचं नावच ‘छोटा भीम’ आहे. लेखकांनी भीमला फेवर नाही करायचं तर कुणाला?’’ पॉइंट आहे. लहान मुलांना तेच तेच पुन्हा बघायला आवडतं, शेवट माहीत असलेली गोष्ट त्यांना सुरक्षित वाटते. शिवाय दप्तर, डबा, वॉटरबॅग यांच्यावर चेहरा एकाचाच चांगला खपतो. जूनमध्ये जालन्याच्या बाजारात दप्तरं घ्यायला गेलं की भीम पुढच्या कप्प्यावर छाती काढून उभा, आणि चुटकी असलीच तर चेनच्या बाजूला कुठेतरी. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ‘माइटी लिटिल भीम’ आणलं, त्यात तर भीम रांगतं बाळ आहे, तिथेही लाडवांच्या मागे! राजूलाही स्वतःची ‘माइटी राजू’ मिळाली. धंद्याचं गणित आहे हे, मान्य.

पण मग चुटकीवर अन्याय झाला की नाही? माझं मत विचाराल तर झाला, फक्त ट्रेंड करणाऱ्यांनी तो चुकीच्या ठिकाणी शोधला. भीमने तिच्याशी लग्न केलं नाही यात कसला डोंबलाचा अन्याय! अन्याय हा, की ऐन वेळी डोकं तिचं चालतं, लाडू तिच्या पोटलीतून निघतो, आईचा ओरडाही तीच खाते आणि राजा इंद्रवर्मा टाळ्या वाजवतो भीमसाठी. आणि तिला न्याय द्यायचा म्हणून लाखो लोकांना सुचलं काय? तर तिचं लग्न लावून द्या!

कंपनीचा तो खुलासा वाचून तेव्हा मी पोट धरून हसले होते. लहान मुलांच्या आयुष्यात लग्न आणू नका... कार्टूनच्या पोरांसाठी पत्रक! मग त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. तिच्या ओळखीतल्या एका गावात दहावीतल्या मुलीचं लग्न उरकत होते. शाळा बंद, मांडव नको, पाहुणे नकोत, जेवणावळीचा खर्च नाही. लॉकडाऊनसारखा मुहूर्त कुठला! अंगणवाडीच्या बाईंना कळलं, त्यांनी ग्रामसेवकाला सांगितलं, म्हणून थांबलं. तेव्हा मराठवाड्यातून अशा बातम्या एकामागून एक येत होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी बघा. विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४, परभणीत ४८. हे दोन्ही जिल्हे जालन्याला चिकटून, आणि जालनाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं गणित आणखी वेगळं. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, तिला म्हणतातच ‘कोयता’. पोराचं लग्न झालं की एक कोयता वाढला, आणि पोरीला एकटीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्नही मिटला. त्या पोरींसाठी हॅशटॅग वगैरे कुणी चालवला नाही.

एवढ्यासाठी मला कार्टूनवरची ही भांडणं फालतू वाटत नाहीत. गोष्ट लिहिणारा कुणाला पुढे काढतो आणि कुणाला कायम लाडू पुरवायला ठेवतो, हे पोरांना बरोबर कळतं. आपल्यापेक्षा लवकर कळतं!

परवा जालन्याला गेले होते. आत्याच्या अंगणात चार-पाच पोरांचा ढोलकपूरचा खेळ चाललेला. आतेभावाची सात वर्षांची लेक एकटीच मुलगी, त्यामुळे तिचा रोल आधीच ठरलेला.

‘‘तू चुटकी हो.’’

‘‘मी नाही होत. तिला नुसतं पळत जाऊन लाडूच आणावे लागतात.’’

‘‘मग इंदुमती?’’

‘‘ती तर बसूनच ऱ्हाती. मी कालिया.’’

‘‘अगं, कालिया लई मार खातो!’’

‘‘खाऊ दे. भीमसंगं कुस्ती तर खेळायला भेटती ना!’’

बरीच खडाजंगी झाली. शेवटी शेजारचा पोरगा तोंड पाडून चुटकी झाला. घरात लाडू नव्हते, म्हणून आत पळत जाऊन त्याने पार्ले-जीचा पुडा आणला.