आता ताटाचाही हिशेब मांडू



कापसाला एकरी खर्च किती आला, उतारा किती पडला आणि हाती काय राहिले, हे आता आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, सगळे आकडे तोंडपाठ आहेत. पण एक खर्च आपण या हिशेबात कधी धरत नाही. तो दवाखान्याचा. शुगरची गोळी, बीपीची गोळी, घरच्या बाईच्या अंगात रक्त नाही म्हणून लावलेली सलाईनची बाटली. पाऊस पडो न पडो, भाव मिळो न मिळो, हा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावाच लागतो. म्हणून या वेळी आम्ही ताटाबद्दल लिहीत आहोत. ताट आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

"शेतकरी उन्हातान्हात राबतो, त्याला कसली शुगर?" असे अजूनही पारावर ऐकू येते. हा समज सोडून द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा त्यातला अंदाज आहे. रक्तदाब तर दर तीन मोठ्या माणसांत एकाला धरून आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. हे आता शहराचे आणि श्रीमंतांचे रोग राहिलेले नाहीत.

मग आपल्या ताटात बदलले काय? खरिपाची ज्वारी गेली. ती चव बिघडली म्हणून गेली नाही, तोट्यात गेली म्हणून गेली. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, उतारा वाढला. पण कणीस भरल्यावर पाऊस आला की दाणा काळा पडायचा आणि काळ्या दाण्याला बाजारात कोणी विचारीत नसे. वर पाखरांचा त्रास, रानडुकरांचा धुडगूस, कापणी-मळणीची मजुरी. गोठ्यातली जनावरे कमी झाली तशी कडब्याचीही किंमत उरली नाही. तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि घरात रेशनचा तांदूळ आला. कापसाच्या रानात तुरीचे तास असायचे, धुऱ्याला अंबाडी, तीळ, चवळी असायची. तेही सपाट झाले. कापूस खाता येत नाही. तो पिकवणारा शेतकरी आज खाण्यापुरता दुकानाचा गिऱ्हाईक झाला आहे. हातात पैसा कमी असला की गिऱ्हाईक स्वस्तात पोट भरेल तेच घेतो. वेचणीला निघालेल्या बाईची सकाळची न्याहारी चहा आणि बिस्किटाच्या पुड्यावर भागते, ती हौस म्हणून नव्हे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आम्ही 'जुने ते सगळे सोने' म्हणणाऱ्यांपैकी नाही. ज्वारी हे औषध नाही. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांचे हाल आपल्याच दख्खनने पाहिले आहेत. हैदराबादच्या प्रयोगशाळेतून डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६० साली दाखवून दिले की ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग होतो. त्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीला भेगा पडतात, हगवण लागते, डोके भ्रमते. धडा सरळ आहे: भाकरीसोबत डाळ, भाजी, ताक हवेच. भाकरी आणि ठेचा हे गरिबीचे जेवण आहे, त्याचे कौतुक शहरात करू द्या.

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली शुगर. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत चोथा तिप्पट, पोटात ती सावकाश पचते, म्हणून भातापेक्षा भाकरी बरी. पण भाकरीतही पिठूळपणा आहेच. चारच्या दोन कराव्या आणि ताटातली मोकळी जागा डाळ, उसळ, पालेभाजीने भरावी. चहाचाही हिशेब करा. कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला सहा कप झाले की साठ ग्रॅम, महिन्याला एका माणसाच्या पोटात पावणेदोन किलोच्या वर. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून शुगर फसत नाही. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. जे गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी उपास धरू नयेत. घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर त्या घडीला मात्र साखर तोंडात टाकावी.

दुसरी रक्तदाब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे. म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो, लोणचे आणि पापडाचे धरून. तुमच्या घरात पुडा किती दिवसांत संपतो ते घरी गेल्यावर विचारा. भाकरीच्या पिठात मीठ घालण्याची गरज नाही. ताटात वरून मीठ वाढणे बंद करा, आणि पोरांच्या हातातले खारे पुडेही याच हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी: बाईच्या अंगातले रक्त. सलाईनने रक्त वाढत नाही, पैसे जातात. ज्वारी, डाळ, पालेभाजी यांत लोह असते, पण ते सगळे अंगी लागत नाही. सोबत लिंबू, आवळा, कैरी असे आंबट असले तर जास्त लागू पडते. जेवणावर लगेच चहा घेतला तर वाया जाते. मध्ये तासभर जाऊ द्यावा. मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणावेत. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत शिजवावी. जे खातात त्यांच्यासाठी अंडी-मटण आहे, मटणातले लोह सर्वांत चांगले लागते. पण भाजीपाल्याने सगळे भागेल असे समजू नका. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बाईचे १२ च्या खाली असेल तर गोळ्या लागतात, त्या आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढेना तर पुढची तपासणी करा. विदर्भात सिकलसेलही आहे.

आणि पुरुषांनो, हे तुमच्यासाठी. आवळा, अंडी, उसळ सगळे घरात आले तरी सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारीच्या वाट्याला तळाचे पाणी येणार असेल, तर त्या बाजाराचा उपयोग काय? सगळ्यांनी एका वेळी बसावे, भांडे मध्ये ठेवावे. याला पैसा लागत नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा शुगर आणि बीपी तपासून घ्यावे. सुरू असलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून, आमच्याही, बंद करू नये. रानभाजी जरूर खुडा, पण तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या रानातली आणि धुऱ्यावरची नको.

सरकारला काय सांगायचे? २०२३ साली भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले. शहरात ज्वारीच्या बिस्किटांना रंगीत पुडे मिळाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनवर भरडधान्य देण्याची तरतूद आहे, तरी पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडतो. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये जाहीर झाला. तो कागदावर न ठेवता त्या भावाने जिल्ह्यात ज्वारी घ्या आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्या. ज्वारी परवडली तर ती पेरायला आम्हाला कोणाच्या भाषणाची गरज नाही.

तोवर आपल्या हातातले करू. येत्या हंगामात घरच्या ताटापुरती अर्धा एकर ज्वारी, कपाशीत तुरीचे तास, धुऱ्यावर अंबाडी आणि एक शेवगा, रब्बीत ओल असेल तर जवसाचे आणि करडईचे चार तास. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातला महिन्याचा साखर, मीठ, तेल आणि औषधाचा खर्च कागदावर लिहून आणावा. कापसाचा हिशेब आपण मांडतोच; त्याच्या शेजारी हा मांडू.