शोधनिबंधांचे मोल

१९७६ साली महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत असत. भातकापणीच्या वेळी, पेंढा उचलताना वा कौलारू घरात चूल सारवताना दंश झालेला माणूस प्रथम घामाने निथळे, त्यास वांत्या होत, हातपाय गार पडत आणि पाहता पाहता त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरे. भगत आणि मंत्र हाच बहुतेकांचा आधार होता. शहरातील वैद्यकालाही या व्याधीची फारशी वार्ता नव्हती.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी घेतल्या. त्या नोंदींवर आधारलेला त्यांचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापला. विषामुळे शरीरातील अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदय त्या भाराखाली थकते, हे मर्म ध्यानी येताच उपायही सापडला. तो उपाय म्हणजे रक्तदाबावरील प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त गोळी! पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्याविषयीचा निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. पुढे २०११ साली या दांपत्याने महाडच्या ७० रुग्णांवर प्रतिविष व प्रॅझोसिन यांच्या एकत्रित उपचाराची पद्धतशीर परीक्षा घेऊन ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनावर उतरले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांस 'पद्मश्री' लाभली; परंतु त्यांचा खरा गौरव जिवंत घरी परतलेल्या माणसांनी केव्हाच केला होता.

हे सर्व आज स्मरण्याचे कारण काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध बाहेर पडला नाही. या उदासीनतेवर उतारा म्हणून बढतीसाठी निबंधांची अट घातली गेली. तिचा हेतू चांगला. परंतु जेथे केवळ संख्या मोजली जाते, तेथे संख्याच पिकते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्यामुळे फावले. विद्येच्या क्षेत्रातील हा खोट्या नाण्यांचा व्यवहार होय.

प्रत्येक डॉक्टराने लेखणी कशास हाती धरावी, असे कोणी विचारील. रुग्णांच्या गर्दीत बुडालेल्या वैद्याकडून निबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचेच आहे, हे आम्हांसही मान्य आहे. पण नोंदीची अपेक्षा अवाजवी नाही. अतिदक्षता कक्षात तर घटकेघटकेची नोंद हाच उपचाराचा कणा असतो. एका रुग्णाची नीट ठेवलेली नोंद पुढच्या रुग्णाचे प्राण वाचविते. न ठेवलेली नोंद त्याच्याबरोबर स्मशानात जाते.

म्हणून शासनास आमचे सांगणे आहे की, किनारपट्टीवरील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत नोंदी ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस द्या, विंचू व सर्पदंशावरील औषधांचा साठा कधी रिता होऊ देऊ नका, आणि बढतीच्या वेळी वीस निबंध मोजण्याऐवजी दोन निबंध वाचा. या निबंधाने कोणत्या रुग्णाचे काय भले झाले, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळसा फोलपटा आपोआप उडून जाईल. बिरवाडीला ना मोठी प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. तेथे एक जागा डॉक्टर होता. अशी माणसे घडविता येत नसतील, तर निदान ती जेथे उभी राहतात तेथे त्यांच्या वाटेत आडवे येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.