धरणाचा तळ दिसू लागला की…

वरंध घाटाच्या माथ्यावर पाण्याच्या दोन वाटा होतात. पश्चिमेला पडलेला पाऊस महाड-पोलादपूरच्या ओढ्यांतून सावित्रीला मिळतो आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला पाऊस नीरा देवघर धरणात अडतो आणि पुढे नीरेतून भीमेला जातो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले, तर तापोळ्याला कोयनेचा शिवसागर लागतो. याच डोंगररांगेच्या कुशीतल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून या पट्ट्यात पाण्याचे संकट म्हटले की जुलै महिना आठवतो. ते स्वाभाविक आहे. पण पाणी वाढल्यावर जसे धोके असतात तसे ते आटल्यावरही असतात. एप्रिल ते जून या काळात मोठ्या धरणांमध्ये ते दरवर्षी दिसतात. एकाच दिवशी गाव पुसून टाकणारे ते नसतात, म्हणून त्यांची फारशी चर्चा होत नाही.

हे धोके तिघांना असतात : पाण्यातल्या माशांना, ते पकडणाऱ्यांना आणि ते खाणाऱ्यांना. राज्यात याचे सर्वात ठळक उदाहरण भीमेवरच्या उजनी धरणाचे आहे.

'वजा' साठा म्हणजे काय?

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले जवळपास ५३.५ टीएमसी पाणी 'उपयुक्त', तर ६३.५ टीएमसीच्या आसपास 'मृत' साठा धरला जातो. उपयुक्त साठा संपला की धरण शून्य टक्क्यांवर येते आणि त्याखाली 'वजा' मोजणी सुरू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेले होते. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले आणि ते पाहायला गर्दी झाली. साधा हिशेब केला, तर उपयुक्त साठ्याच्या ६० टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृत साठ्यातूनही गेले होते. भरलेल्या धरणातल्या पाण्यापैकी जेमतेम पाव हिस्सा उरला होता.

माशांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जे मासे मोठ्या जलाशयात पसरलेले असतात ते थोड्या, उथळ आणि गरम पाण्यात एकत्र येतात. सुरुवातीला मासेमाराला हे सोयीचे वाटते, कारण जाळे टाकले की भरते. भिगवण, इंदापूरच्या बाजारात आवक वाढते. पण त्याच पाण्यात वरच्या बाजूने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येत राहते. पाणी पाव झाले म्हणून सांडपाणी पाव होत नाही. पावसाळ्यात जी घाण भरपूर पाण्यात विरळ होते, ती उन्हाळ्यात दाट होते.

मासा पाण्यात गुदमरतो कसा?

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासा जगतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. दुसरीकडे, पाणी तापले की माशाच्या शरीराची गरज वाढते. तापमान दहा अंशांनी वाढले तर ती साधारण दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते.

त्यात भर पडते शेवाळाची. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे खत असते. दिवसा ऊन असताना शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही श्वसन करते आणि पाण्यातला प्राणवायू खर्च करते. म्हणून पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी, पाण्यातला प्राणवायू सर्वात कमी असतो. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की कटला, रोहू, मृगळ यांची धडपड सुरू होते. ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. चिलापी मात्र कमी प्राणवायूतही तग धरते. खराब झालेल्या जलाशयात कटला-रोहू मागे पडून चिलापीचे राज्य येण्यामागे हे एक कारण आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा वळीव हा या गोष्टीतला शेवटचा धक्का असतो. धरणाच्या खोल भागात वरचे पाणी गरम आणि हलके, तर तळचे थंड आणि जड असते. हे थर आठवडेच्या आठवडे मिसळत नाहीत. तळाशी कुजणाऱ्या गाळामुळे तिथला प्राणवायू संपतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया साठतो. वळवाचा वारा सुटला की थर उलटतात आणि ते पाणी वर येते. 'काल पाऊस पडला, गारवा आला, तरी मासे कसे मेले?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा इथे असते.

प्रत्येक मासेमृत्यू मात्र असा नैसर्गिक नसतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना सावित्रीत तरंगणारे मासे नवे नाहीत. कोकणात उन्हाळ्यात नदीचे डोह आटले की ब्लिचिंग पावडर किंवा सुरुंग टाकून मासे मारण्याचे प्रकारही होतात. विष आणि स्फोटके वापरून मासेमारी करणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. फरक ओळखायला काही खुणा असतात. प्राणवायू कमी झाला असेल, तर मासे पहाटे मरतात, आधी मोठे मरतात, आणि आदल्या दिवशी पृष्ठभागावर हपापताना दिसलेले असतात. विषारी द्रव्य असेल, तर वेळेचे बंधन नसते. लहान-मोठे, सर्व जातींचे मासे, बेडूक आणि पाणकिडेही एकत्र मरतात. खुणांवरून अंदाज येतो, खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. त्यासाठी पाण्याचा आणि ताज्या मेलेल्या माशांचा नमुना काही तासांत, बर्फात ठेवून घ्यावा लागतो. दोन दिवसांनी पंचनामा करून हाती दुर्गंधीच लागते.

ताटातला मासा

गोड्या पाण्यातला मासा हे गरिबाच्या ताटातले स्वस्त आणि उत्तम प्रथिन आहे. शंभर ग्रॅम रोहूत साधारण १६ ते १७ ग्रॅम प्रथिने असतात. उन्हाळ्यात धरणातले मासे खाऊ नयेत, असा या सगळ्याचा अर्थ नाही. जिवंत पकडलेला, लगेच बर्फात ठेवलेला आणि नीट शिजवलेला मासा खायला हरकत नसते.

हरकत आहे ती मरून तरंगणाऱ्या माशाला. असे मासे गोळा करून स्वस्तात विकले जातात, कधी वाळवून सुकट म्हणून खपवले जातात. मासा गुदमरून मेला की विषाने, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. चाळीस अंशांच्या उन्हात तो काही तासांत सडू लागतो. शिजवल्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषे उष्णतेला दाद देत नाहीत. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे, अशी खूण पाहूनच मासा घ्यावा.

दुसरी काळजी निळ्या-हिरव्या शेवाळाची. पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरल्यासारखी दिसते, ती बरेचदा या सूक्ष्मजीवांची असते. त्यांतल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृताला घातक विष तयार करतात. हे विष पाणी उकळून जात नाही. माशात ते मांसापेक्षा यकृतात आणि आतड्यात अधिक साठते. म्हणून अशा पाण्यातला मासा घेतला, तर आतील सर्व अवयव काढून टाकावेत आणि त्याचे कालवण करू नये. पिण्याच्या पाण्यात या विषाचे दीर्घकाळासाठीचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हा दूरचा धोका वाटत असेल, तर ब्राझीलमधल्या कारुआरू शहराची घटना आठवावी. १९९६ मध्ये तिथल्या डायलिसिस केंद्रात शेवाळ माजलेल्या जलाशयाचे, पुरेसे शुद्ध न केलेले पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. डायलिसिसमध्ये पाण्याचा संबंध जवळजवळ थेट रक्ताशी येतो, म्हणून परिणाम इतका भीषण झाला. पिणाऱ्याला तसा तात्काळ धोका नसतो. पण सोलापूरसारखे मोठे शहर उजनीच्या पाण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे माशांचे मरण ही पाणीपुरवठा विभागासाठीही पूर्वसूचना मानली पाहिजे.

होडीतला माणूस

तिसरा धोका सर्वात कमी बोलला जातो. उजनीत ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांतल्या अनेक कुटुंबांनी पुढे जाळे हाती घेतले. पिढीजात भोई समाजही याच पाण्यावर जगतो. पाणी मागे सरकले की काठ आणि होडी यांच्यात गाळाचा पट्टा तयार होतो. मासळीची पाटी घेऊन त्यातून चालावे लागते. पायाला काटा किंवा काच लागली, तर अशा पाण्यातले जंतू जखम चिघळवतात. मधुमेही माणसाचा पाय त्यातून गमावला जाऊ शकतो.

पाण्यावर असल्याने ऊन लागत नाही, हा समज चुकीचा आहे. वरून ऊन आणि खालून पाण्यावरून परतणारी किरणे, असा दुहेरी मारा असतो. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अंगाचा ताप ४० अंश सेल्सियसच्या वर आणि बरळणे, झटके किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी दवाखान्याच्या वाटेला लागण्याआधी, आणि वाटेतही, माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

वळवाचा वारा माशांइतकाच होडीलाही घातक असतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात अशाच वादळात सापडून उलटली. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले, एक जण पोहत काठाला लागला. मोठ्या जलाशयात वाऱ्याला अडवायला काही नसते, त्यामुळे थोड्या वेळात लाटा उसळतात. पत्र्याच्या हलक्या होड्या त्यात टिकत नाहीत. जगात २०२१ मध्ये सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा काढला. त्यातले काठावरच्या गावापर्यंत किती पोहोचले, हे जाकिटाविना पाण्यात जाणाऱ्या होड्यांवरून दिसते.

बुडालेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही केले जातात. त्यात मोलाची मिनिटे जातात. त्याला सपाट निजवावे, श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा, आणि १०८ ला फोन लावावा. वाचवणाऱ्याने स्वतः उडी मारण्याऐवजी दोर, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा.

काय करता येईल?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज आणि विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शेतकऱ्याला जसा पेरणीपूर्वी हवामानाचा सल्ला मिळतो, तसा धरणावरच्या मासेमाराला उन्हाळ्यात पाण्याचा सल्ला मिळायला हवा.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एप्रिलपासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत प्रत्येक मोठ्या धरणात चार-पाच ठिकाणी रोज पहाटे प्राणवायू मोजावा. हाताळायला सोपी उपकरणे उपलब्ध आहेत आणि मच्छीमार सोसायटीतला तरुण ते शिकू शकतो. आकडा घसरू लागला की मत्स्यव्यवसाय, पाणीपुरवठा आणि आरोग्य या तिन्ही विभागांना एकाच वेळी कळावे. पाणी आकसलेले असताना वडाप पद्धतीने, बारीक आसाच्या जाळ्याने बोटाएवढी पिले ओढली जातात, त्यावर कडक बंदी हवी. समुद्रात १ जून ते ३१ जुलै जाळे थांबते ते माशांच्या विणीसाठी. धरणातल्या माशांनाही तशी उसंत लागते.

मासेमाराने होडीत प्रत्येकासाठी जाकीट ठेवावे, आभाळ भरून आले की 'दामिनी' ॲपवर विजेचा इशारा पाहावा आणि वारा सुटण्याआधी काठ गाठावा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पाच लाखांची तरतूद आहे, पण नाव नोंदलेले असेल तरच ती मिळते.

हे सारे झाले तरी मूळ दुखणे सांडपाण्याचे राहते. पुण्यात जपानच्या मदतीने नदीसुधारणेचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला, त्यात अकरा शुद्धीकरण केंद्रे धरली होती. ते काम जितके लांबेल, तितके उन्हाळे उजनीतल्या माशांना आणि त्यांवर जगणाऱ्यांना काढावे लागतील.

तळीयेनंतर महाड-पोलादपूरमध्ये धोकादायक डोंगरउतार ओळखण्याची आणि पावसाचा आकडा वाढला की गावे हलवण्याची निकड प्रशासनाला पटली. त्यामागे एक साधे तत्त्व आहे : संकट येण्याआधी मोजायला लागायचे. घाटाच्या पलीकडे, आटत जाणाऱ्या धरणांच्या काठी, तेच तत्त्व उन्हाळ्यात लावायला हवे.